दहा लाख अंशांचा आकडा आणि राहून गेलेले स्पष्टीकरण

अस्फटिकी धातूंविषयीचे लोकप्रिय लेखन वाचताना एक परिच्छेद पुन्हा पुन्हा भेटतो. वितळलेला धातू वेगाने फिरणाऱ्या थंड चाकावर सोडतात. तो सेकंदाला दहा लाख अंश एवढ्या प्रचंड वेगाने थंड होतो. अणूंना ओळीने बसायला वेळच मिळत नाही. म्हणून काचेसारखी रचना असलेली धातूची फीत तयार होते. यातले एकही विधान चुकीचे नाही. तरीही हे स्पष्टीकरण आम्हांला अपुरे वाटते. आकडा वाचून वाचक थक्क होतो. पण तो आकडा कोठून आला आणि तेवढा वेग पुरेसा का ठरला, हे दोन प्रश्न तसेच राहतात. विज्ञान खरे तर या दोन प्रश्नांतच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. 'सेकंदाला दहा लाख अंश' ऐकून विद्यार्थ्याला वाटते की तापमान खरोखरच दहा लाख अंशांनी उतरते. पण हा नुसता दर आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी एसटी दोन मिनिटांत दोनच किलोमीटर जाते, तसेच हे. धातूचे तापमान सुमारे हजार अंशांनीच उतरते. मात्र त्याला सेकंदाचा हजारावा भाग एवढाच वेळ लागतो. चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला 25 मीटर धरला, तर तेवढ्या वेळात फीत जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकते. द्रव धातू चाकाला टेकल्यापासून दोन-तीन बोटांच्या अंतरात सारा निकाल लागतो.

आता आकड्याच्या उगमाकडे वळू. त्यासाठी नववी-दहावीचे गणित पुरते. लोह, बोरॉन व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूची अशी फीत साधारण 25 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग, जाडीची असते. अशा एक चौरस मीटर फितीचे वस्तुमान सुमारे 180 ग्रॅम भरते. तिचे तापमान एका अंशाने उतरवायला साधारण 100 ज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. तांब्याच्या चाकाशी चांगला संपर्क असेल, तर तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे चौरस मीटरमधून सेकंदाला सुमारे एक लाख ज्यूल उष्णता वाहून जाते. फरक हजार अंशांचा असेल, तर सेकंदाला दहा कोटी ज्यूल. दहा कोटीला शंभराने भागले की उत्तर येते दहा लाख.

या गणितातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, चाक काही बर्फासारखे थंड नसते. साध्या पाण्याने थंड राखलेले तांबे पुरते. खरी किमया फितीच्या पातळपणाची आणि संपर्काची आहे. चाकाचा वेग कामी येतो तो मुख्यतः फीत पातळ ओढण्यासाठी. दुसरी, हा दर एकसारखा राहत नाही. फीत निवते तसा तापमानातील फरक घटतो आणि दरही घटतो. म्हणून एकच आकडा वेदवाक्यासारखा सांगणे योग्य नाही.

याच ठिकाणी आणखी एक घोळ होतो. द्रव पोलादापासून थेट पातळ पत्रा ओतण्याचे तंत्रही 'शीघ्र घनीभवन' याच नावाखाली सांगितले जाते आणि दोन्ही तंत्रे एकच असल्याचा समज होतो. उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन थंड रुळांच्या फटीत द्रव धातू ओतायचा आणि खालून तयार पत्रा काढायचा, ही कल्पना हेन्री बेसेमर यांची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या क्रॉफर्ड्सव्हिल येथे साध्या कार्बन पोलादाचा असा पत्रा व्यापारी प्रमाणावर निघू लागला तो 2002 साली. मधल्या सुमारे दीडशे वर्षांत अडचण कल्पनेची नव्हती. रुळांच्या टोकांशी द्रव पोलाद अडवून धरणे, पत्र्याला तडे जाऊ न देणे आणि क्षणाक्षणाला नियंत्रण ठेवणे, हे साधत नव्हते.

या पत्र्याची जाडी एक-दोन मिलिमीटर असते. दोन मिलिमीटर म्हणजे आपल्या फितीच्या ऐंशी पट. दोन्ही बाजूंनी उष्णता निघते असे धरले, तरी थंड होण्याचा दर निदान चाळीस पटींनी घटतो. प्रत्यक्षात पोलाद व रूळ यांचा संपर्क कमी प्रतीचा असल्याने तो आणखी खाली, सेकंदाला काही हजार अंशांच्या आसपास येतो. हा पत्रा पूर्णपणे स्फटिकी असतो. त्याचा फायदा निराळा आहे. नेहमीच्या पद्धतीत वीस-पंचवीस सेंटिमीटर जाडीचा ठोकळा ओतून, तापवून, पुन्हा पुन्हा लाटावा लागतो. ते इंधन आणि त्या यंत्रांची रांग येथे वाचते. तत्त्व सारखे असले, तरी हेतू वेगळे आहेत, हे सांगितलेच पाहिजे.

आता दुसरा प्रश्न: अणूंना 'वेळ मिळत नाही' म्हणजे किती वेळ? शुद्ध लोखंड याच चाकावर, याच वेगाने थंड केले तर काच होत नाही, स्फटिकच मिळतात. म्हणजे केवळ वेगाने काम भागत नाही. याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. खडीसाखर स्फटिकी असते आणि लिमलेटची गोळी ही साखरेची काच असते. गोळी काही क्षणार्धात थंड केलेली नसते, आणि ती चांगली जाडही असते. पाक करताना त्यात लिंबू पिळले की तो साखरत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. आंबटपणामुळे साखरेचे काही रेणू फुटून दुसऱ्या जातीच्या शर्करा होतात आणि या मिसळीत एका जातीच्या रेणूंना ओळ धरणे अवघड जाते.

मिश्रधातूत बोरॉन आणि सिलिकॉन जे करतात ते याच्याशी मिळतेजुळते आहे. लहान-मोठे अणू एकत्र आल्याने स्फटिकाची मांडणी अवघड होते, आणि मिश्रण बऱ्याच कमी तापमानापर्यंत द्रव राहते. पोल डुवेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पहिली धातुकाच केली, ती सोने व सिलिकॉन यांची. सोने 1064 अंशांना वितळते, सिलिकॉन 1414 अंशांना. पण त्यांचे योग्य मिश्रण सुमारे 360 अंशांनाच वितळते. पुढे 1993 मध्ये त्याच संस्थेत पेकर व जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल व बेरिलियम यांच्या मिश्रधातूपासून सेकंदाला दहा अंश किंवा त्याहूनही मंद गतीने काच मिळवली. दहा लाखांवरून दहा! वेग हेच रहस्य असते, तर हे शक्यच नव्हते. स्फटिक जुळणे आणि उष्णता निघून जाणे यांची ही शर्यत आहे. चाक एका स्पर्धकाला पळवते, तर मिश्रणाची निवड दुसऱ्याचे पाय धरते.

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाही. गावातल्या डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर रात्री कोणी वीज वापरत नसतानाही गुणगुणत असतो आणि ऊर्जा वाया घालवत असतो. अस्फटिकी फितीचा गाभा वापरला की ही भाररहित हानी सिलिकॉन-पोलादाच्या गाभ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशावर येते. अस्फटिकी रचनेमुळे चुंबकन सुलभ होते आणि पातळपणामुळे भोवरा-प्रवाह दबतात. मात्र त्याच पातळपणामुळे असंख्य वेढे घ्यावे लागतात, फीत तापशीतन केल्यावर ठिसूळ होते आणि कमी चुंबकीय प्रवाहाला संपृक्त होत असल्याने गाभा मोठा करावा लागतो. ज्याला फक्त 'प्रचंड वेग' सांगितला आहे, त्याला हे गुणदोष समजणार नाहीत. जाड फीत का काढत नाहीत, असे त्याने विचारले तर त्या परिच्छेदात उत्तर नाही.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी. आकडा सांगण्याआधी वरचे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यावे आणि जाडी बदलून पुन्हा मांडायला लावावे. दोन सारख्या वाट्या परातीतल्या थंड पाण्यात ठेवून, एकीत अर्धा व दुसरीत एक सेंटिमीटर वितळलेले मेण शिक्षकांनी स्वतः ओतावे आणि मुलांनी घट्ट होण्याचा वेळ मोजावा. जाडी दुप्पट, पण वेळ दुपटीहून बराच जास्त लागेल. कारण आतली उष्णता आधी गोठलेल्या थरातून बाहेर यावी लागते. शेवटी खडीसाखर आणि लिमलेटची गोळी शेजारी ठेवून 'स्थायूचे कण नियमित रचनेत असतात' हे पाठ केलेले वाक्य पुन्हा वाचायला सांगावे. ते कुठे अपुरे पडते, हे मुले आपणहून सांगतील.