सहावा गठ्ठा कुठे गेला?

नंदनवनातल्या या सभेत कॉलेजात शिकवणारे आहेत, तसे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेलेही आहेत. त्यामुळे ‘सहा गठ्ठे’ म्हटलं की निम्म्या लोकांना कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो.

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांची शिस्त अशी, की टेबलावरचा कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेला पाहिजे. चालू प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक मुदतीची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं, आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. जोडीला वर्गवारी: ‘अ’ कायम, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10, ‘ड’ 1 वर्ष. म्हणजे कागदाचा शेवट आधीच ठरलेला.

आता आपले ऑनलाइन कारभार बघा. समिती नेमली की ग्रुप, नॅकची भेट ठरली की फोल्डर. भेट संपते, फोल्डर राहतो. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांनी पाहिलेला’! जागा फुकट होती तोवर खपलं. 2021 मध्ये गूगलनं शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करून संस्थेमागे मुळात 100 टेराबाइटची मर्यादा जाहीर केली. तेव्हा प्रश्न आला, पुसायचं काय? वर्गवारी असेल तरच याचं उत्तर देता येतं.

कंपन्यांचा उपाय आम्हाला पटत नाही. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये ग्रुपला मुदत लावता येते. हालचाल दिसली की मुदत आपोआप वाढते. नसली तर मालकाला सूचना जाते, आणि त्यानं नूतनीकरण केलं नाही तर ग्रुप पुसला जातो. इथं निकषच चुकलाय. सेवापुस्तक वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही, पण पेन्शनच्या वेळी तेच लागतं. उलट वाढदिवसाच्या शुभेच्छांचा ग्रुप रोज जिवंत! हालचाल म्हणजे महत्त्व नव्हे.

दुसरा दोष मालकीचा. कागदी कचेरीत बदली झाली की चार्ज यादी होते, कारण फाइल पदाची असते. वनड्राइव्हची फाइल माणसाच्या खात्यात राहते. खातं काढलं आणि वेगळी मुदत ठरवलेली नसली, तर ती साधारण 30 दिवसच टिकते.

जुनी पद्धत निर्दोष होती असं आम्ही म्हणत नाही. तपासणी आली की घाईघाईनं गठ्ठे बांधायचे, हेही आपण पाहिलंय. म्हणूनच 1980 च्या दशकात अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अनिलकुमार लखिना यांना अभिलेखांची घडी नव्यानं बसवावी लागली. त्यालाच ‘लखिना पॅटर्न’ म्हणतात. पण तिथं नियम होता, आणि तो पाळला नाही हे दाखवता येत होतं. आज नियमच नाही.

माहिती अधिकार कायदा, 2005 चं कलम 4 अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगतं. फाइल ‘सापडत नाही’ याचा भुर्दंड अर्जदाराला, निवृत्ताला, विद्यार्थ्याला बसतो.

तेव्हा नवा फोल्डर उघडतानाच तीन गोष्टी लिहा: कोणत्या पदाचा, कोणत्या वर्गाचा, कधी बंद होणार. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. हा निर्णय मात्र आपणच करायचा आहे.

आता प्रश्न विचारा.