तांब्याचा घाट

समीक्षा करावी ती ग्रंथांची, नाटकांची अथवा गायनाच्या मैफलींची, असा आपल्याकडे रूढ संकेत आहे. चित्रे आणि मूर्ती यांपर्यंतही ती अलीकडे पोहोचली. परंतु ज्या वस्तू दिवसातून दहा वेळा आपल्या हाती येतात, त्यांच्या घाटाविषयी चिकित्सक बुद्धीने दोन शब्द लिहावेत, असे क्वचितच कुणास वाटते. वस्तू उपयोगाची ठरली की ती कलेच्या प्रांतातून बाद झाली, असा एक समज आपल्या मनात नकळत घर करून बसला आहे. हा समज आम्हांस मान्य नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एका अगदी साध्या वस्तूचे परीक्षण करण्याचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे आपल्या घरातील व देवघरातील तांब्या. इंदूर-ग्वाल्हेरकडे तो लोटा होतो, बडोद्याच्या गुजराती शेजाऱ्यांचा लोटो, बेळगावच्या कानडी घरांत तंबिगे, हैदराबादेच्या तेलुगू घरांत चेंबू. आणि गोव्यात तो तांब्यो, व आकाराने वाढला म्हणजे कळसो. नावे अनेक, पण घाट एकाच कुळातला.

या घाटाची सर्वांत गाजलेली समीक्षा परक्यांच्या हातून झाली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून, फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने या देशात हिंडले आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी सरकारला एक अहवाल सादर केला. भारतातील वस्तुनिर्मितीचा दर्जा कसा राखावा, हा त्या अहवालाचा विषय. त्याच्या आरंभी गीतेतील कर्मविषयक वचने उद्धृत केलेली आहेत. त्यानंतर येथे पाहिलेल्या सर्व वस्तूंमध्ये ईम्स दांपत्याने श्रेष्ठपणाचा मान दिला तो लोट्याला. तो घडविताना कोणकोणत्या प्रश्नांचा विचार झाला असेल, याची एक लांबलचक यादीच त्यांनी दिली आहे: पाणी किती आणावयाचे, ते डोक्यावर, कमरेवर की हातात घेऊन, भांडे भरलेले व रिकामे असताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून ते घासता येते की नाही, वाजविले असता नाद कसा येतो, मोडीत किंमत किती येते, आणि ते कुणास भेट देताना मनास काय वाटते. या अहवालाच्या प्रेरणेतून १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली.

हे परीक्षण अत्यंत मार्मिक आहे आणि त्याबद्दल आपण कृतज्ञच असावयास हवे. तथापि त्यातील एका गृहीतकाशी आमचा मतभेद आहे. लोट्याने त्याच्या काळाची सेवा केली, आता आपल्या काळाचे लोटे निर्माण व्हावेत, असा त्या अहवालाचा सूर आहे. म्हणजे लोट्याचा काळ सरला असे गृहीत धरून हा गौरव झालेला आहे. आमच्या घरांत आणि देवळांत तो काळ सरलेला नाही. आजही अभिषेकाचे पाणी तांब्यातूनच येते, पाहुण्यापुढे पुष्कळ घरी तांब्या-भांडेच ठेवले जाते, आणि मंगलकार्याच्या आरंभी त्याचाच कलश होऊन पूजा घेतो. जी वस्तू अजून वापरात आहे, ती संग्रहालयातील वस्तूसारखी सुरक्षित नसते. ती बिघडू शकते. आणि आमचे म्हणणे असे की, ती आपल्या डोळ्यांदेखत बिघडत आहे. बिघाड कशात आहे हे कळण्यासाठी आधी चांगला तांब्या चांगला का, ते पाहिले पाहिजे.

प्रथम पोट. गोल आकारात कमीत कमी पत्र्यात अधिकात अधिक पाणी मावते, हे गणिताने सिद्ध आहे. गोलाला कोपरे नसतात, म्हणून मळ साठण्यास जागा नाही आणि पडल्यास आघात सर्व बाजूंस वाटला जातो. पाण्याचा भार पोटात, म्हणजे खाली राहतो. त्यामुळे बूड लहान असूनही भरलेला तांब्या सहसा कलंडत नाही. डोळ्यास जो भरदारपणा सुखवितो, तोच तोल सांभाळतो.

मग गळा. पोटावरून वर येणारी रेषा आत वळते व खांद्यापाशी निमुळती होते. चालताना पाणी हिंदकळले तरी हा खांदा त्याची लाट परत आत लोटतो. पंजा गळ्याभोवती सहज बसतो. विहिरीवर दोरीचा फास याच गळ्यात अडकवीत. वरचा काठ रुंद असल्यामुळे तो निसटत नसे. ज्या गळ्याची कमनीयता कवींनी वर्णावी, तो वस्तुतः हाताची व दोरीची सोय आहे.

आणि शेवटी काठ. तो बाहेर वळलेला असतो, त्यामुळे धार भांड्याच्या अंगावरून न ओघळता सुटी पडते. तोटी नसल्यामुळे तांब्यास पुढची बाजू व मागची बाजू नाही. कुठूनही उचला, कुठूनही ओता. उष्टे न करता वरून पाणी पिण्याची जी आपली रीत, ती या काठाच्या जोरावरच चालत आली आहे. तोंड एवढे रुंद की निदान चार बोटे चिंच घेऊन आत जावीत. शिवाय त्यावर फुलपात्र पालथे घातले की तेच झाकण होते आणि तेच पिण्याचे भांडे. दोन्ही वस्तू एका हातात पाहुण्यापुढे नेता येतात. या जोडीइतकी सुटसुटीत योजना आम्हांस दुसरी ठाऊक नाही.

अंगावरील ठोक्यांविषयीही सांगितले पाहिजे. तांबट भांड्यास मठारतो तेव्हा हातोडीच्या ओळीने पडणाऱ्या ठोक्यांनी मऊ धातू कठीण होतो. ते ठोके नक्षी म्हणून शोभतात, प्रकाश विखुरतात, बारीक ओरखडे लपवितात आणि ओल्या हाताला पकड देतात. येथे सौंदर्य मागाहून चिकटविलेले नाही. कामाचाच जो माग राहिला, तो सुंदर दिसतो.

आता देवघराकडे वळू. कलश म्हणून तांब्या मांडला की त्याच गुणांची दुसरी परीक्षा होते. त्याचे गोल बूड सपाट फरशीवर डळमळते खरे. पण तांदळाच्या राशीवर ते अचूक बसते, जसे पूर्वी चुंबळीवर किंवा मातीच्या ओट्यावर बसे. गळ्याभोवती सूत गुंडाळले तर घसरत नाही. पसरट काठावर पाच पाने आपोआप बाहेर झुकतात व मधोमध नारळाला बैठक मिळते. तोंड अधिक रुंद असते तर नारळ आत बुडाला असता, अरुंद असते तर गडगडला असता. पाणी वाहण्यासाठी जो घाट सिद्ध झाला, तोच देवतेचे आसन होण्यास योग्य ठरला. भारहुत व सांचीच्या शिल्पांत पूर्णघट कोरलेला आहे, आणि आपल्या देवळांच्या शिखरावर कळस चढतो तोही घटाचाच. नित्याच्या पाण्याचे भांडे ज्या संस्कृतीने शिखरावर चढविले, तिला उपयोग आणि सौंदर्य यांत वैर दिसले नव्हते, हे उघड आहे.

असे असता आज बाजारात काय दिसते? पातळ पत्र्याचे, लांबुडक्या मानेचे कलश मिळतात. पाणी भरताच त्यांचा तोल जातो. पोटावर उठावाच्या मूर्ती ठासलेल्या असतात. त्यांच्या खाचांत कुंकू आणि तेल साचते व चिंचेचा हात तेथे पोहोचत नाही. कित्येकांवर चकाकीचा लेप असतो. तो घासला की निघतो आणि न घासला तर काळवंडतो. आरोग्यासाठी म्हणून तांब्याच्या बाटल्या घरोघर आल्या आहेत. या धातूच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील काही रोगजंतू मरतात, असे प्रयोगांती आढळले आहे, ते आम्ही नाकारीत नाही; पण पुष्कळशा बाटल्यांच्या तोंडातून दोन बोटेही आत जात नाहीत, मग आतील हिरवट डाग निघावेत कसे? आणि या सर्वांवर ताण म्हणजे ज्याची पाने व नारळ धातूचेच, वरून कायमचे जोडून टाकलेले, असा शोभेचा कलश. त्यात पाणी भरताच येत नाही. कलशातून जल काढून घेतले तर उरते काय? तेथे उपयोग गेला, आणि आमच्या मते त्याबरोबर सौंदर्यही गेले. कारण आत वळलेला खांदा व बाहेर वळलेला काठ यांना आता काही अर्थच राहिला नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आम्ही जुन्याचे अभिमानी असून नव्या धातूंचा द्वेष करतो. तसे नाही. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते. स्टेनलेस स्टीलमध्ये ती अडचण नाही, ते स्वस्त आहे, हलके आहे, घासण्यास सोपे आहे. स्टीलचा तांब्या योग्य घाटाचा असेल तर तो आम्हांस प्रियच वाटेल. फरशीवर स्थिर राहावा म्हणून तांब्याला जे कडे बसविले गेले, तेही आम्ही सुधारणाच मानतो. घर बदलले, म्हणून बूड बदलले. आमचा आक्षेप धातूवर नाही व नवेपणावरही नाही. वापराचा विचार सोडून केलेल्या घाटावर आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देव भावाचा भुकेला, त्यास घाटाचे काय? हे खरेच आहे. मातीचा घट देवास पुरतो. पण मातीचा घट पाहा: तेच पोट, तोच गळा, तोच काठ. गरिबीतही घाट सोडलेला नाही. उलट, महाग असूनही निरुपयोगी अशी वस्तू देवापुढे ठेवणे ही भावाची नव्हे, बेफिकिरीची खूण आहे.

या प्रश्नाशी माणसांची पोटेही बांधलेली आहेत. पंजाबात अमृतसरजवळच्या जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांची तांबे-पितळेची भांडी घडविण्याची कला २०१४ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पुण्याची तांबट आळी तर आपल्या परिचयाचीच आहे. यादीत नाव जाणे हा सन्मान होय. परंतु हातोडी चालू राहते ती गिऱ्हाइकाच्या मागणीवर. आणि मठारलेल्या भांड्याचे जाणते गिऱ्हाईक म्हणून देवळाइतके भरवशाचे ठिकाण आज क्वचितच उरले आहे.

म्हणून देवस्थानांच्या महाजनांस व समित्यांस, तसेच नवसाचे अथवा स्मरणार्थ भांडे अर्पण करणाऱ्या भाविकांस आमचे एवढेच सांगणे आहे. खरेदीच्या वेळी वस्तू काचेआडून पाहू नये. पाणी भरून ती एका हाताने उचलावी व ओतून धार पाहावी. आत बोटे घालून तळाचा मळ निघेल का, ते अजमावावे. तांदळावर मांडून तिच्यावर नारळ ठेवून पाहावा. शक्य असल्यास कारागिरास गाठून हवा तो घाट त्यास सांगावा, आणि जुने भांडे मोडीत घालण्यापूर्वी तेच नमुना म्हणून त्याच्यापुढे ठेवावे. देवळाच्या कोठीत अशी भांडी पुष्कळदा अडगळीत पडलेली असतात. त्यांस पोचे आले असतील, कल्हई उडाली असेल. पण पोचे काढता येतात, कल्हई पुन्हा लावता येते. घाट मात्र एकदा हातातून गेला, म्हणजे तो परत शिकविणारा सापडणे कठीण.