'श्वास' आणि एकविसावा दिवस

संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) हॉस्टेलवर पाहिला तेव्हा मी रडलो होतो. गेल्या वर्षी आईची केमो चालू असताना तो तिच्यासोबत मोबाईलवर पुन्हा पाहिला. या वेळी रडू आलं नाही, प्रश्न पडले.

केमोच्या दिवशी आम्ही धर्मापुरीहून पहाटे निघायचो. आधी रक्ततपासणी. पांढऱ्या पेशी कमी निघाल्या की तसंच माघारी. नाहीतर वजन, उलटी थांबवणारं औषध, शीर सापडेपर्यंत टोचणं आणि मग सरबतासारखं लालभडक डॉक्सोरुबिसिन. त्यानं लघवीही लाल होते. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. आई घाबरली होती.

'श्वास'मध्ये डोळ्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन नजर जाण्याआधी आजोबा परशुरामला शहर दाखवायला नेतात. दवाखान्यातलं ताटकळणं या सिनेमात अगदी खरं उतरलंय. पण त्याची सगळी ताकद 'शेवटचा दिवस' या कल्पनेत आहे. केमोचा दिवस शेवटचा नसतो. आईच्या बाबतीत तो दर २१ दिवसांनी परत यायचा. त्यात कथा नाही, सलाईनचे थेंब मोजणं आहे. म्हणूनच आपल्या सिनेमांत तो दिसत नसावा.

हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते असू दे. म्हाताऱ्यानं पोराला बाहेर तरी नेलं. तू मला दवाखान्याशिवाय कुठं नेलंस?"

पुढच्या फेरीला निघताना गावातल्याच केदारेश्वराच्या मंदिरापाशी गाडी थांबवली. भिंतीवरची शिल्पं तिनं सावकाश, हात लावून पाहिली. मग म्हणाली, "चल, नंबर जाईल."