'जोकर'मधील हास्य : व्याधी की स्वभाव?

टॉड फिलिप्स दिग्दर्शित 'जोकर' (2019) या चित्रपटातील आर्थर फ्लेक खिशात एक छापील कार्ड बाळगतो. बसमध्ये हसू आवरेनासे झाले की तो ते समोरच्या बाईच्या हाती देतो. हे हसू मनातल्या भावनेशी जुळत नाही, मेंदूला इजा झालेल्यांना असे होऊ शकते, अशा आशयाचा मजकूर त्यावर आहे. आजाराचे नाव चित्रपटात उच्चारले जात नाही. लक्षणे मात्र वैद्यकात ज्याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात त्याची आहेत. पक्षाघात, डोक्याला मार, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा कारणांनी हसण्या-रडण्यावरील मेंदूचा ताबा सुटतो. माणूस दुःखी असतो आणि हसतो.

वाकीन फीनिक्स यांनी हे हसू घशात अडकलेल्या हुंदक्यासारखे केले आहे. श्वास कोंडतो, हात गळ्याकडे जातो. हा भाग अस्सल आहे. इंदूरमध्ये जन्मलेले बद्रुद्दीन काझी, अर्थात जॉनी वॉकर, यांनी दारूला न शिवता पडद्यावर दारुडे उभे केले. तोल गेल्याचा अभिनय पूर्ण तोल सांभाळूनच करावा लागतो. फीनिक्स यांचे काम त्याच जातीचे. फक्त येथे प्रेक्षकाला हसू येत नाही.

घोटाळा उत्तरार्धात होतो. रुग्णालयात आईचा जीव घेण्यापूर्वी आर्थर सांगतो की ही व्याधी नव्हतीच, हाच आपला खरा स्वभाव. हे पात्राचे मत आहे, दिग्दर्शकाचे नव्हे, असा बचाव करता येईल. पण त्यानंतर ते कार्ड पुन्हा दिसत नाही, आणि हसू व हत्या एकाच सूत्रात ओवली जातात. वास्तविक ही व्याधी कोणाला खुनी बनवत नाही. आर्थरच्या मागे लहानपणचा छळ आहे, इतर मानसिक आजार आहेत, बंद पडलेली समुपदेशन सेवा आहे. ध्यानात राहते ते हसू. वर्गात हा चित्रपट दाखवताना प्राध्यापकाने या ठिकाणी थांबलेच पाहिजे.

सियागंजच्या घाऊक बाजारात, पोती आणि हातगाड्यांच्या गर्दीत, एखादा असा हसू लागला तर कार्ड वाचायला कोण थांबेल? त्याला वेडा नाहीतर मस्करीखोर ठरवले जाईल. अमेरिकेत 2010 साली डेक्स्ट्रोमेथॉर्फन व क्विनिडिन यांच्या एकत्रित औषधाला या व्याधीसाठी मान्यता मिळाली. 1981च्या सुमारास वावरणाऱ्या आर्थरला ते मिळणे शक्यच नव्हते. आजच्या रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेता येते. मात्र त्याचे हसणे हा आजार आहे, हे आधी घरच्यांना वाटावे लागते.