दारू, आतषबाजी आणि फटाका

लहानपणी अकोल्याला दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानावर पाटी लागायची : 'येथे शोभेची दारू मिळेल'. मला नुकतंच वाचता यायला लागलं होतं आणि दारू म्हणजे काय तेही कळत होतं. घाबरून आजोबांना विचारलं, "आबाजी, दिवाईले इथं दारू इकतेत का?" आबाजी म्हणाले, "इकतेत ना बाप्पा. पन थे प्याची नसते, पेटवाची असते."

त्या पाटीवरचा शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. परवान्यांच्या जाहिरातींत, पोलिसांच्या सूचनांत आणि काही जत्रांत तो उरला आहे. सांगली जिल्ह्यातल्या कवठे एकंदला दसऱ्याला जे होतं, त्याला अजूनही लोक शोभेची दारूच म्हणतात. आमच्याकडे मात्र सगळं 'फटाके'. हा नुसता शब्दांचा खांदेपालट आहे असं मला वाटत नाही. त्यात आपण काहीतरी गमावलं आहे, आणि ते काय हे बघण्यासारखं आहे.

'दारू' फार्सी आहे. मूळ अर्थ औषध. 'दवादारू'त तो अर्थ अजून शाबूत आहे, म्हणून आजाऱ्याची दवादारू केली म्हटल्यावर कुणी गुत्त्याकडे बघत नाही. (देवदारातला संस्कृत 'दारु' वेगळा. तो ऱ्हस्व उकाराचा, त्याचा अर्थ लाकूड.) औषधाची पूड आणि तोफेची पूड एकाच नावाने ओळखली गेली यात नवल नाही. सोरा, गंधक आणि कोळसा ठरल्या प्रमाणात कुटून जे होतं तेही चूर्णच. बंदुकीची दारू पहिल्यांदा केली ती चिन्यांनी, आणि त्यांच्या भाषेत तिचं नाव 'हुओ याओ', शब्दशः 'आगीचं औषध'. पिण्याची दारू त्याच वाटेने आली असावी. औषध म्हणून घेतो, हे सांगणं सर्वच काळी सोयीचं असतं.

तर एकाच शब्दात वैद्य, गोलंदाज आणि कलाल. मराठीने हे तिघे बरीच वर्षं एकत्र नांदवले. दारूगोळा, दारूखाना, दारूकाम. यातलं 'दारूकाम' मला सर्वांत आवडतं. नक्षीकाम, जरीकाम म्हणावं तसं. त्यात करणाऱ्याचे हात दिसतात.

मराठी साहित्यातलं दारूकामाचं एक जुनं वर्णन एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीच्या इतिहासावर 1953 साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी या ग्रंथाची साक्ष काढली आहे. गोड्यांना त्यातून काळ ठरवायचा होता : सोळाव्या शतकात महाराष्ट्रात लग्नात दारू उडत होती. त्यांच्या कामाला ते पुरेसं होतं. मला मात्र त्यांनी एक गोष्ट हातची सोडली असं वाटतं. लग्न कुणाचं? रुक्मिणीचं. तिचं माहेर अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर. आमच्या प्रदेशाचं 'वऱ्हाड' हे नाव तिच्याच लग्नाच्या वऱ्हाडावरून पडलं असं इकडे लोक मानतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांना चालो न चालो, वऱ्हाडच्या लेकीच्या लग्नात नाथांनी दारू उडवली, एवढं खरं.

द्वापरयुगात दारू कुठून आली, असं विचारणारा वाचक नाथांना समजलाच नाही. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते. तोफ आणि दारू नाथांच्या नजरेसमोरची. स्वतः 'अर्जदस्त' लिहून दरबारी फार्सीला भक्तीच्या कामाला जुंपणारा हा कवी. या काव्यात लग्न म्हणजे जीवाशिवाचं मीलन. त्या मांडवात क्षणभर फुलून विझणारी ठिणगीही अर्थ घेऊन येते. तिथे दारू आधी डोळ्यांसाठी आहे.

'आतषबाजी'ही तशीच. आतश म्हणजे आग, बाजी म्हणजे खेळ. 'फुलबाजी'त फूल आपलं, खेळ फार्सी. भाषाशुद्धीवाल्यांची इथे गंमत होते. आतषबाजी परकी वाटते म्हणून जो 'शोभेची दारू' पसंत करतो, तोही फार्सीच्याच दारात उभा असतो. माधव जूलियनांनी 1925 साली 'फार्शी-मराठी कोश' दिला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. त्यांना तरी आपण काय काढून टाकतो आहोत ते नेमकं ठाऊक होतं. आजच्या शुद्धिवाल्यांबद्दल तसं म्हणवत नाही.

आणि 'फटाका'? हा अस्सल घरचा. फट् या आवाजातून निघालेला. फटका, फटकारा ही त्याची भावंडं. अनंत फंदीने लोकांना शहाणं करायला जो काव्यप्रकार गाजवला तोही फटकाच. शब्द नेमका आहे, पण तो फक्त आवाज सांगतो. दारू सोडायचे, उडवायचे. फटाका आम्ही फोडतो. क्रियापदसुद्धा हिंसक झालं. भुईनळा, चंद्रज्योत, फुलबाजी ही मुकी मंडळी आता फटाक्यांच्या यादीत बसली आहेत. त्यातून 'बिनआवाजी फटाका' असा चमत्कारिक शब्द जन्माला आला. म्हणजे न लागणारा फटका!

23 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने वेळेची मर्यादा घातली आणि 'हरित फटाके' सांगितले. ते घडवण्याचं काम नागपूरच्या 'नीरी'ने केलं. 'हरित' हे विशेषण बिचारं धुराकडे बघतं, नाम मात्र अजून कानठळ्याच बसवतं. आवाजाची कायदेशीर मर्यादा चार मीटरवर 125 डेसिबल. दिवाळीच्या रात्री अमरावतीत कुणी फूटपट्टी घेऊन चार मीटर मोजत नाही. मुलांना आवाज कमी करा म्हणून बजावणारे आपणच त्यांच्या हाती जो शब्द देतो, त्यात आवाजाशिवाय काही नाही. म्हणून शाळांच्या 'फटाकेमुक्त दिवाळी'च्या शपथा मला अपुऱ्या वाटतात. त्या मुलाला फुलबाजीही सोडायला सांगतात आणि सुतळी बॉम्बही, कारण दोन्हींना नाव एकच. धूर दोघींचा मोजायला हवाच, पण एकीकडे बघत बसता येतं आणि दुसऱ्यापासून पळावं लागतं, हा फरक सांगायला भाषा उरलेली नाही.

जुना शब्द परत आणा असं म्हणण्यात अर्थ नाही. पिण्याच्या अर्थाने 'दारू' पुरती गिळून टाकली आहे. कौंडण्यपूरच्या घाटावर उभं राहिलं की हे फार चांगलं कळतं. अलीकडे रुक्मिणीचं माहेर. मधे वर्धा नदी. पलीकडे वर्धा जिल्हा, तिथे दारूबंदी. आणि दिवाळीत शोभेच्या दारूचे परवाने तिथेही निघतात.