सुटा विनोद : एन. एस. कृष्णन यांच्या कारकिर्दीचा एक अन्वय

तमिळ चित्रपटाच्या इतिहासलेखनात एन. एस. कृष्णन (१९०८–१९५७) यांच्यासाठी दोन जागा केव्हाच ठरून गेल्या आहेत. एक जागा ‘कलैवाणर’ या पदवीची. तेथे भेटतात ते दानशूर कृष्णन, हाती आलेला पैसा वाटून टाकणारे आणि पन्नाशी गाठण्याआधीच गेलेले. दुसरी जागा द्रविड चळवळीच्या प्रचारसाहित्यातली. तेथे ते अण्णादुरै आणि करुणानिधी यांच्या लेखणीला लाभलेले एक हसरे मुख ठरतात. दोन्ही ठिकाणी त्यांच्या विनोदाकडे कशाचे तरी वाहन म्हणून पाहिले गेले आहे : पहिल्या ठिकाणी सद्गुणाचे, दुसऱ्या ठिकाणी विचारसरणीचे. हा विनोद कोणत्या रूपबंधातून घडला आणि त्या रूपबंधाने त्याला काय करू दिले, काय करू दिले नाही, हा प्रश्न मात्र मागे पडतो. नट, गायक, संवादकार आणि दिग्दर्शक अशी त्यांची कारकीर्द या प्रश्नाच्या अंगाने वाचण्याचा येथे प्रयत्न आहे.

कृष्णन नागरकोविलजवळच्या ओळुगिनशेरीचे. तेव्हा हा मुलूख त्रावणकोर संस्थानात होता. शालेय शिक्षण बेताचेच झाले. टी. के. एस. बंधूंच्या नाटक कंपनीत ते घडले आणि ‘मेनका’ (१९३५) व ‘सती लीलावती’ (१९३६) या बोलपटांतून पडद्यावर आले. तमिळ बोलपटांचे चित्रण त्या काळी पुष्कळदा मुंबई, पुणे, कलकत्ता येथे होत असे. ‘वसंतसेना’ (१९३६) या चित्रपटाच्या निमित्ताने पुण्यातच त्यांची टी. ए. मदुरम यांच्याशी ओळख झाली. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या आणि पडद्यावरच्या कायमच्या सहकारीही.

या पहिल्या दशकात कृष्णन यांनी एक पद्धत रूढ केली. चित्रपटाची मुख्य कथा पौराणिक असो की सामाजिक, तिच्यातले विनोदी प्रसंग ते स्वतः रचत, आपल्या मंडळीला घेऊन स्वतंत्रपणे चित्रित करीत, आणि मग ते प्रसंग मूळ चित्रपटात ठिकठिकाणी बसवले जात. निर्मात्याच्या दृष्टीने हा तयार माल होता. समीक्षकांच्या दृष्टीने ते ठिगळ होते, आणि एकात्मतेचा निकष घेऊन बसलेल्या समीक्षेला ते तसेच दिसणार. पण कृष्णन यांचे कर्तेपण या सुटेपणातच आहे. मुख्य कथेच्या दिग्दर्शकाला उत्तर द्यावे लागत नसल्यामुळे ते त्या कथेवर भाष्य करू शकत होते.

संस्कृत नाटकातल्या विदूषकाची आठवण येथे होईल, परंतु ते साम्य फार दूर नेता येत नाही. विदूषक हा राजाचा सखा असतो. तो राजाची थट्टा करतो ती राजाच्याच परवानगीने आणि राजाच्याच जेवणावर नजर ठेवून. १९४० सालच्या ‘शकुंतलै’मध्ये कृष्णन यांनी घेतलेली जागा माढव्याची नाही. एलिस डंगन यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांची प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटात ते टी. एस. दुरैराज यांच्यासह कोळी होऊन येतात. कालिदासाने सहाव्या अंकाच्या प्रवेशकात मागधी बोलणारा धीवर आणि त्याला छळणारे रक्षक यांना मोजकी पृष्ठे दिली. अंगठीचा शोध लागला की कोळ्याचे काम संपते आणि नाटक राजाच्या विरहाकडे वळते. कृष्णन-दुरैराज या जोडीने नेमका तो कोपरा उचलला आणि तेथे आपला संसार थाटला. नायक-नायिकेच्या वियोगाला समांतर असा मासे आणि भांडण यांचा व्यवहार पडद्यावर चालू राहतो. त्यामुळे अभिजात संहिता मोडत नाही. ती एकटी मात्र उरत नाही.

‘हरिदास’ हा या पर्वाचा शिखरबिंदू आणि शेवटही. १६ ऑक्टोबर १९४४ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी, नायक एम. के. त्यागराज भागवतर. कथानकाचा आधार ‘भक्तविजयम्’. महिपतीचा ‘भक्तविजय’ (१७६२) दक्षिणेत किती खोलवर रुजला होता याचा हा एक पुरावा. मराठी प्रेक्षकाला त्यात पुंडलिकाची कथा सहज ओळखू येते. मद्रासच्या ब्रॉडवे चित्रगृहात या चित्रपटाने तीन दिवाळ्या पाहिल्या. प्रदर्शनानंतर महिना उलटण्याच्या आत मद्रासमध्ये सी. एन. लक्ष्मीकांतन या पत्रकाराचा खून झाला. चित्रपटसृष्टीतल्या लोकांविषयी बदनामीकारक मजकूर छापण्याबद्दल त्यांची ख्याती होती. या खटल्यात भागवतर आणि कृष्णन दोघांनाही अटक झाली व १९४५ साली जन्मठेप झाली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, ते फेरविचारासाठी मद्रास उच्च न्यायालयाकडे परत आले, आणि एप्रिल १९४७ मध्ये दोघे निर्दोष सुटले. म्हणजे दोघेही तुरुंगात असताना ‘हरिदास’ चालूच होता. बंदिवानांपैकी एक रोज पडद्यावर भक्त होत होता, दुसरा लोकांना हसवत होता.

सुटकेनंतर भागवतरांची कारकीर्द पुन्हा उभी राहिली नाही. कृष्णन यांची राहिली. हा फरक केवळ दैवाचा किंवा स्वभावाचा म्हणून सोडून देता येणार नाही. भागवतरांचे नायकत्व संतचरित्राच्या चिन्हव्यवस्थेत गुंतलेले होते. त्यात पाप, पश्चात्ताप आणि मुक्ती हा क्रम कथेच्या आत घडायचा असतो. तो वर्तमानपत्राच्या पानावर घडला की गायकाच्या सुरावरचा विश्वास ढळतो. विनोदी नटाकडून कुणी पावित्र्याची अपेक्षा केलेलीच नव्हती. त्याचे सुटेपण येथे अक्षरशः उपयोगी पडले. कृष्णन तुरुंगात असताना मदुरम यांनी नाटक मंडळी चालू ठेवली होती. या मंडळींनी सुरू केलेल्या ‘पैत्तियक्कारन’ (१९४७) या चित्रपटात सुटकेनंतर त्यांची भूमिका घालण्यात आली. नायकाला असे मागाहून कथेत घालता आले नसते.

यानंतर येतो ‘नल्लतम्बी’ (१९४९). अण्णादुरै यांनी चित्रपटासाठी केलेले हे पहिले लेखन. दिग्दर्शन कृष्णन-पंजू यांचे आणि नायक स्वतः एन. एस. कृष्णन. चित्रपटाचा साचा अमेरिकन, फ्रँक काप्राच्या ‘मिस्टर डीड्स गोज टू टाउन’चा. तो आज फारसा विचारात घ्यावा असे वाटत नाही. विचारात घ्यायला हवा तो त्यातला ‘किंदनार’ हा कथाकालक्षेप. त्याची रचना उडुमलै नारायण कवी यांची, सादरीकरण कृष्णन यांचे.

‘किंदनार’ समजण्यासाठी ‘नंदनार’ हाती असावा लागतो. बाराव्या शतकातल्या शेक्किळार यांच्या ‘पेरियपुराणम’मध्ये अस्पृश्य जातीतल्या नंदनार या शिवभक्ताची कथा येते. चिदंबरमच्या मंदिरात प्रवेश मिळण्यापूर्वी तो अग्नीतून जातो आणि शुद्ध होऊन बाहेर येतो. एकोणिसाव्या शतकात गोपाळकृष्ण भारती यांनी या कथेला ‘नंदनार चरित्र’ या गेय आख्यानाचे रूप दिले. नंदनला चिदंबरमला जाऊ न देणारा ब्राह्मण जमीनदार शेक्किळारांकडे नाही. तो भारतींची निर्मिती आहे. महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांना या रचनेतले व्याकरणदोष खटकत होते, ही तमिळ वाङ्मयेतिहासातली प्रसिद्ध हकिकत. रचना मात्र लोकांच्या कंठात राहिली, कालक्षेपकारांचे आवडते आख्यान झाली, आणि बोलपट आल्यावर १९३५ व १९४२ साली पडद्यावरही आली.

कालक्षेपाचा हा प्रकार मराठी वाचकाला परका वाटू नये. तंजावरच्या मराठी राज्यामुळे आणि पुढे तेथे आलेल्या महाराष्ट्रीय कीर्तनकारांमुळे तमिळ हरिकथेला तिचे प्रौढ रूप मिळाले. तंजावूर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी मराठी कीर्तनाचा घाट आत्मसात केला. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते व जाती तमिळ कथेत गाइल्या जाऊ लागल्या, आणि निरूपण हा शब्दही तेथे स्थिरावला. कीर्तनाची मांडणी कशी असते? एक उभा, अनेक बसलेले. बोलण्याचा अधिकार एकाकडे. तो थांबतो, दृष्टांत देतो, हसवतो, आणि हसलेल्या श्रोत्याला पुन्हा आख्यानाकडे आणतो. कीर्तनातले हास्य नेहमी परतीचे तिकीट काढूनच निघालेले असते.

‘किंदनार’मध्ये कृष्णन हा सर्व घाट जसाच्या तसा घेतात. भागवतराचा आविर्भाव, सुरावट, गद्यातून पद्यात शिरण्याची लकब, कशालाही धक्का नाही. बदलते ते गंतव्य. नंदनला चिदंबरम हवे होते, किंदनला शिक्षण हवे आहे. देवदर्शनाच्या जागी अक्षर येते, आणि अग्निप्रवेशाची गरजच उरत नाही. दलित मुलाने शिकून मान मिळवण्याची ही कथा गंभीर मराठी किंवा तमिळ नाटकात सांगितली असती तर ती बोधकथा झाली असती. येथे तिला पूर्वसंहितेची पार्श्वभूमी आहे. ऐकणाऱ्याच्या कानात नंदनारचे सूर आधीच आहेत, आणि प्रत्येक ओळीला तो दोन ओळी ऐकतो. हरिकथेतून हरी काढून घेतला तरी कथा उभी राहते, हे प्रेक्षकाला तर्काने पटवावे लागत नाही. तो ते ऐकतो.

सत्यशोधकांशी तुलना केली तर या निवडीचे वेगळेपण लक्षात येते. सत्यशोधक जलशाने कीर्तनाचा घाट बाजूला ठेवून तमाशाच्या अंगाने मांडणी केली. ज्या रूपात अधिकार ब्राह्मणाकडे होता ते रूपच नाकारले. कृष्णन प्रतिपक्षाच्या घरात शिरून त्याच्याच आसनावर बसतात. धोका दोन्हीकडे आहे, पण तो एकाच जातीचा नाही.

‘किंदनार’मधील हा धोका मला खरा वाटतो. बाख्तिनच्या आधाराने विडंबनात सत्तेचा उलटापालट पाहण्याची सवय आपल्या समीक्षेला लागली आहे. पण विडंबन रचना उलटी करते तेव्हा ती रचना टिकवूनही ठेवते. नंदनार चरित्रात एकच नंदन आत जातो. त्याची वस्ती बाहेरच राहते. अपवादाला मान देऊन नियम शाबूत ठेवणे हे त्या कथेचे खरे कार्य. किंदनच्या कथेतही एकच मुलगा शिकतो आणि गौरवला जातो. देवळाच्या जागी शाळा आली, परंतु दाराशी उभे राहून पात्रता सिद्ध करणे किंदनला चुकले नाही. अग्नी गेला, परीक्षा आली. नारायण कवी आणि कृष्णन यांना हे दिसले नसेल असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. पण घेतलेल्या रूपबंधाने त्यांना वस्तीपर्यंत जाऊ दिले नाही, एवढे म्हणायला हवे. कीर्तनाला नायक एकच लागतो.

म्हणूनच मला कृष्णन यांचे अधिक मोकळे काम इतरत्र, मदुरम यांच्याबरोबरच्या गाण्यांत आणि संवादांत दिसते. त्याच ‘नल्लतम्बी’त विज्ञानावरचे एक द्वंद्वगीत आहे. नवविज्ञानाची थोरवी गाऊ पाहणाऱ्या पुरुषाला स्त्री विचारते ते स्वयंपाकघरातून : बटण दाबले की इडली ताटात आणि कॉफी शेजारी यावी, असे काही निघणार आहे का? सुधारकी उत्साहाला येथे विरोध होत नाही; त्याला घरातले काम दिले जाते. विज्ञानाचे गाणे लिहिणाऱ्या बहुतेकांच्या मनात चूल नव्हती. या जोडीच्या गाण्यात ती आहे, कारण गाणारे दोन आहेत आणि दुसरीला पहिल्याचे वाक्य तसेच मान्य करण्याची सक्ती नाही.

ही दोन आवाजांची रीत कुठून आली? माझ्या मते ती हरिकथेतून आलेली नाही. कृष्णन यांच्या जन्मप्रदेशात, नागरकोविल-तिरुनेलवेलीकडे, ‘विल्लुप्पाट्टु’ हा धनुष्यगीताचा प्रकार ग्रामदेवतांच्या उत्सवात चालतो. घुंगरू बांधलेल्या मोठ्या धनुष्यावर काठ्या मारीत मुख्य गायक कथा सांगतो, आणि बाजूचा साथीदार ‘आमा’ म्हणजे ‘होय’ असा हुंकार देत, ओळ उचलत, कधी शंका काढत कथा पुढे ढकलतो. कृष्णन यांच्या कलेची सुरुवात या गायनानेच झाली. त्यांच्या विनोदी प्रसंगांत एकटा माणूस क्वचितच बोलतो. दुरैराज असोत की मदुरम, समोर कुणीतरी हुंकार रोखून बसलेले असते. १९५७च्या निवडणुकीत कांचीपुरमला अण्णादुरै यांच्या प्रचारसभेत त्यांनी प्रतिस्पर्धी डॉक्टरांचीच भरभरून स्तुती केली, आणि असा चांगला डॉक्टर गावातच राहायला हवा, विधानसभेत अण्णांना पाठवा, असा समारोप केला, ही गोष्ट सांगितली जाते. पूर्वपक्षाला पूर्ण बोलू देण्याची ही सवय व्यासपीठावर शिकलेली दिसत नाही.

‘मणमगळ’ (१९५१) आणि ‘पणम’ (१९५२) हे चित्रपट कृष्णन यांनी दिग्दर्शित केले. दोन्हींचे संवाद करुणानिधींचे. ‘पणम’मध्ये शिवाजी गणेशन आहेत आणि विश्वनाथन-राममूर्ती या संगीतकार जोडीचे ते पहिले काम आहे. इतिहासाच्या दृष्टीने ही नोंद मोठी. कृष्णन यांच्या विनोदाच्या दृष्टीने मात्र येथे काहीतरी उणे होते. पूर्वी मुख्य कथा एका मताची आणि विनोद दुसऱ्या मताचा, असा ताण असे. आता मुख्य कथाच त्यांच्या मताची झाली, आणि भाष्य करायला परकी संहिता उरली नाही. ‘राजा राणी’ (१९५६) मधील त्यांचे हसण्याविषयीचे गाणे लोकप्रिय आहे आणि त्यातली नक्कल थक्क करणारी आहे : तऱ्हेतऱ्हेच्या माणसांचे हसणे ते एकामागून एक हसून दाखवतात. पण हा हास्याचा कोश झाला. वीस वर्षे हास्याच्या आडून बोलणारा माणूस हास्याविषयी बोलू लागला आहे.

या उत्तरकाळात त्यांचे लक्ष पुन्हा धनुष्यगीताकडे वळले होते, ही गोष्ट चित्रपटकेंद्री चरित्रांत दोन ओळींत उरकली जाते. तिरुनेलवेलीकडच्या सुब्बु आरुमुगम (१९२८–२०२२) या तरुण कवीला त्यांनी मद्रासला आणले, त्याच्याकडून गांधींच्या जीवनावर विल्लुप्पाट्टु लिहवून घेतले आणि स्वतः धनुष्यापाशी बसले. ग्रामदेवतेच्या जागी गांधी येणे आणि नंदनारच्या जागी किंदन येणे या क्रिया वरवर सारख्या दिसतात. पण येथे उसने घेतलेले आसन नव्हते, आणि साथीदाराचा हुंकार शेजारीच होता. कृष्णन ३० ऑगस्ट १९५७ रोजी वारले. सुब्बु आरुमुगम यांनी त्यानंतर साठहून अधिक वर्षे ते धनुष्य वाजते ठेवले, आणि त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढ्या आज साथीला बसतात.