मार्नीची आई

आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘मार्नी’ (१९६४) हा मानसशास्त्रीय रहस्यपट म्हणून ओळखला जातो. नाव बदलून नोकरी धरायची, मालकाची तिजोरी रिकामी करायची आणि पसार व्हायचे, हा मार्नीचा क्रम. लाल रंग दिसला की तिचा थरकाप होतो. विजा कडाडल्या की ती लहान पोर होते. पुरुषाचा स्पर्श तिला सोसत नाही. शेवटी उलगडा होतो. बाल्टिमोरच्या घरात, लहानपणी, आईला वाचवण्यासाठी तिने एका खलाशाच्या डोक्यात लोखंडी सळई घातली होती. आईने खून स्वतःवर घेतला. पोर सारे विसरली.

चर्चा बहुधा इथेच, नेणिवेच्या तळघरात, घुटमळते. माझा प्रश्न साधा आहे. तो खलाशी त्या घरात आला कशाला?

मार्नीची आई बर्निस देह विकून जगत होती. पंधराव्या वर्षी एका मुलाच्या स्वेटरपायी ती फसली. मूल पदरात टाकून तो पळाला. खलाशी दार ठोठावू लागला की निजलेल्या पोरीला उबेतून उठवायचे, कारण पलंग गिऱ्हाइकाला हवा. म्हणजे मार्नीचा घाव तिच्या मनात आपोआप उगवलेला नाही. तो दारिद्र्याने केलेला आहे. हिचकॉक यांनी हे दाखवले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु घावाची किल्ली ते कोणाच्या हाती देतात?

मार्क रटलंड हा फिलाडेल्फियातील धनिक प्रकाशक. प्राणिशास्त्राचा अभ्यासक, जनावर माणसाळवल्याचा अभिमान बाळगणारा. तो मार्नीची चोरी पकडतो, तिच्या बळावर तिला लग्नाला भाग पाडतो आणि मधुचंद्राच्या बोटीवर तिचा नकार तुडवून तिच्यावर बलात्कार करतो. हा प्रसंग आधीचे पटकथाकार इव्हान हंटर यांना मान्य नव्हता. त्यांच्या जागी जे प्रेसन ॲलन आल्या आणि प्रसंग राहिला. चोरी करणारी मार्नी ‘रोगी’ ठरते, बलात्कार करणारा मार्क ‘वैद्य’! विन्स्टन ग्रॅहम यांच्या मूळ कादंबरीत (१९६१) मार्नी स्वतः बोलते. पडद्यावर तिच्याविषयी मार्क बोलतो. तिचा ‘मी’ काढून घेतला गेला आहे.

मार्नीला आठवते आणि ती मोकळी होते, असा शेवट आहे. मार्क जुन्या मालकाचे पैसे भरू शकतो. श्रीमंताच्या पत्नीसाठी कायदाही थोडा वाकेल. आणि आई? त्या रात्री अधू झालेला पाय घेऊन ती त्याच घरात राहते. मुलीने विसरावे म्हणून तिने तोंड मिटून ठेवले. तिला स्वतःला मात्र ती रात्र एक दिवसही विसरता आली नाही. नेणिवेत गाडलेल्या दुःखासाठी या चित्रपटाकडे ग्रंथ आहेत, उपचार आहेत. जाणिवेत उघडे राहिलेल्या दुःखासाठी त्याच्याकडे काहीच नाही. म्हणून मी ‘मार्नी’ला थोर चित्रपट म्हणणार नाही. मात्र बर्निससाठी तो जरूर पाहावा.